‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ : गुलाम-जहाजांच्या खतावणीचे परीक्षण

अटलांटिक महासागरातून आफ्रिकी माणसांची गुलाम म्हणून जी वाहतूक सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली, तिच्या एकेका सफरीची नोंद जमवून ती कोणालाही विनामूल्य पाहू देणारे ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हे संकेतस्थळ अभ्यासकांत आता इतके रुळले आहे की, या विषयावरील लेखनात भेटणारा ‘सव्वा कोटी’ हा आकडा बहुधा तेथूनच उचललेला असतो. आकडा उद्धृत करणारे पुष्कळ आहेत. तो कसा सिद्ध झाला हे तेथे जाऊन पाहणारे फार थोडे. एखाद्या सेवेचे करावे तसे या संकेतस्थळाचे परीक्षण येथे केले आहे. ते काय देते, त्यावर किती विसंबावे आणि कोणत्या ठिकाणी जपून पाऊल टाकावे, एवढाच प्रश्न. मोजदादीचे साधन म्हणून त्याला आज तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते मोजते ते व्यापाऱ्याच्या, विमेदाराच्या आणि जकात-अधिकाऱ्याच्या कागदांवरून, आणि त्या कागदांना ज्या गोष्टींत रस नव्हता त्या गोष्टी या संग्रहातही आपोआप येत नाहीत.

१९६९ मध्ये फिलिप कर्टिन या इतिहासकाराने तोवर छापलेल्या साहित्याच्या आधारे हिशेब मांडून अटलांटिकपार पोहोचलेल्यांची संख्या सुमारे ९५ लाख ठरवली आणि त्यापूर्वी निष्काळजीपणे फेकल्या जाणाऱ्या मोठमोठ्या आकड्यांना पहिल्यांदा लगाम घातला. त्याच सुमारास निरनिराळ्या देशांतले संशोधक आपापल्या दप्तरखान्यांतील जहाजांच्या याद्या संगणकात भरू लागले होते. लिव्हरपूलच्या याद्या एकाकडे, फ्रान्समधील नांत बंदराच्या दुसऱ्याकडे, डच कंपन्यांच्या तिसऱ्याकडे, अशी ती विखुरलेली कामे होती. १९९०च्या दशकात ती एकत्र गुंफली गेली आणि १९९९ मध्ये २७,२३३ सफरींचा संग्रह सीडीच्या रूपात निघाला. २००८ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने तो संकेतस्थळाच्या रूपात खुला केला, तेव्हा सफरींची संख्या ३५ हजारांच्या जवळ गेली होती; ही भर मुख्यतः पोर्तुगीज, ब्राझिली आणि स्पॅनिश दप्तरांतून आली. आज अटलांटिकपारच्या सफरी ३६ हजारांहून अधिक आहेत, आणि २०२१ पासून संकेतस्थळाचे यजमानपद राइस विद्यापीठाकडे असून काही विद्यापीठे व संग्रहालये मिळून त्याचा खर्च आणि देखभाल पाहतात.

प्रत्यक्ष वापराकडे वळू. एखादी सफर उघडली की जहाजाचे नाव, निशाण, मालक, कप्तान, वजन, तोफा, निघण्याचे बंदर, आफ्रिकेतील खरेदीची ठिकाणे, उतरवण्याची ठिकाणे, तारखा, चढवलेल्या व उतरवलेल्या माणसांची संख्या, त्यांतील पुरुष, स्त्रिया व मुले यांचे प्रमाण, सफरीचा शेवट कसा झाला, आणि ही सगळी माहिती कोणत्या दप्तरातून वा ग्रंथातून घेतली, असे रकाने समोर येतात. शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो वाचकाला मूळ कागदापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवतो, आणि आंतरजालावर ऐतिहासिक आकडे वाटणाऱ्या बहुतेक ठिकाणी नेमकी तीच वाट बंद असते. नोंदणी करावी लागत नाही, शुल्क नाही, आणि संपूर्ण संग्रह उतरवून घेऊन आपल्या संगणकावर हवा तसा तपासता येतो.

येथे एक गोष्ट नवख्याच्या लक्षात सहसा येत नाही. संग्रहातील काही आकडे कागदावर सापडलेले आहेत आणि काही गणिताने भरलेले. एखाद्या जहाजाने किती माणसे उतरवली हे माहीत असेल, पण किती चढवली ते माहीत नसेल, तर त्या काळातील त्या मार्गावरचा सरासरी मृत्युदर धरून चढवलेल्यांची संख्या काढली जाते. दोन्ही माहीत नसतील, तर तशाच प्रकारच्या जहाजांच्या सरासरीवरून. ही पद्धत लपवलेली नाही. गणिताने भरलेले रकाने वेगळे ओळखता येतात आणि पद्धतीचे सविस्तर विवेचनही संकेतस्थळावर आहे. तरीही एकाच सफरीविषयी लिहिताना असा गणिताने भरलेला आकडा ‘त्या जहाजावर अमुक माणसे होती’ या थाटात वापरणे चुकीचे ठरेल. हजार सफरींच्या बेरजेत सरासरी उपयोगी पडते. एका सफरीच्या बाबतीत ती केवळ एक शक्यता असते. संकेतस्थळाने हा फरक शोधाच्या पहिल्याच पानावर अधिक ठळक करायला हवा होता, असे मला वाटते.

बहुतेक वाचकांची गरज ‘एस्टिमेट्स’ या स्वतंत्र विभागात भागते. ज्या सफरींचे कागद नष्ट झाले किंवा कधी झालेच नाहीत, त्यांचाही अंदाज धरून हा विभाग एकूण व्यापाराचा आवाका मांडतो: सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. मधले १८ लाख समुद्रात गेले. खरेदीच्या आधी देशाच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंतच्या पायपिटीत आणि किनाऱ्यावरच्या कोठड्यांत जे मेले ते यात धरलेले नाहीत, कारण त्यांचा हिशेब ठेवण्याची कोणाला गरज पडली नाही. शतकवार पाहिले तर सोळाव्या शतकात पावणेतीन लाखांच्या आसपास, सतराव्यात पावणेएकोणीस लाख, अठराव्यात जवळजवळ ६५ लाख आणि एकोणिसाव्यात, म्हणजे एकामागून एक देश या व्यापारावर बंदी घालत असताना, आणखी साडेअडतीस लाखांहून अधिक माणसे चढवली गेली.

हाच तक्ता उतरण्याच्या जागेनुसार मांडला की अनेक रूढ समजुती गळून पडतात. आज अमेरिकेची संयुक्त संस्थाने असलेल्या भूमीवर आफ्रिकेतून थेट उतरवलेल्यांची संख्या चार लाखांच्याही आत भरते. एकट्या जमैका बेटावर दहा लाखांहून अधिक, आणि ब्राझीलमध्ये ४८ लाखांहून अधिक. गुलामगिरीची जी प्रतिमा आपल्याकडे इंग्रजीतून आली, ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतील कापसाच्या मळ्यांची आहे. अर्वाचीन काळाच्या आरंभी मात्र या व्यापाराला खरी गती दिली ती साखरेने आणि खाणींनी, आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ब्राझील होते. निशाणांच्या रकान्यातही पोर्तुगाल-ब्राझील ५८ लाखांहून अधिक माणसांच्या वाहतुकीने पहिले आहेत. ब्रिटन ३२ लाखांच्या पुढे, फ्रान्स १३ लाखांच्या पुढे, स्पेन दहा लाखांच्या पुढे आणि नेदरलँड्स साडेपाच लाखांच्या आसपास.

शालेय पुस्तकांतला ‘त्रिकोणी व्यापार’ही या तक्त्यांपुढे पुरता टिकत नाही. युरोपातून बंदुका व कापड, आफ्रिकेतून माणसे, अमेरिकेतून साखर घेऊन पुन्हा युरोप, हा त्रिकोण लिव्हरपूल किंवा नांतच्या जहाजांना लागू पडतो. पण रिओ द जानेरो आणि साल्वादोर या ब्राझिली बंदरांतून निघून अंगोलातील लुआंडाला किंवा बेनिनच्या आखाताला जाणारी आणि तेथून थेट माघारी येणारी जहाजे इतकी होती की, या व्यापाराची एक मोठी शाखा युरोपला वळसा घालूनच चालली. दक्षिण अटलांटिकातील वारे आणि प्रवाह घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे ब्राझील आणि अंगोला यांच्यातील ये-जा सोपी होती. ब्राझीलची तंबाखू आणि उसाची दारू हा त्या ये-जा करणाऱ्या जहाजांचा माल असे. ही बाब ग्रंथांतही वाचायला मिळते, परंतु संकेतस्थळावर निघण्याचे बंदर आणि खरेदीचा किनारा हे दोन निकष लावून ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि या सेवेचे सर्वांत मोठे सामर्थ्य मला यातच दिसते: ती निष्कर्ष हातात देत नाही, तपासण्याची सोय देते.

एकेक सफर वाचण्याचेही फळ मिळते. १६१९ मध्ये व्हर्जिनियात ‘वीस आणि काही’ आफ्रिकी माणसे आली, ही नोंद अमेरिकेच्या इतिहासात आरंभबिंदूसारखी वापरली जाते. ती माणसे मुळात ‘साओ जोआओ बाउतिस्ता’ या पोर्तुगीज जहाजावरची होती. लुआंडाहून सुमारे साडेतीनशे माणसे भरून हे जहाज मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदराकडे निघाले होते. वाटेत दोन इंग्रज चाच्यांच्या जहाजांनी त्यावर हल्ला करून काही माणसे पळवली, आणि व्हेराक्रूझला पोहोचली ती अवघी १४७. व्हर्जिनियाच्या बाजूने पाहिले की ही एका राष्ट्राच्या आरंभाची गोष्ट वाटते. सफरीच्या नोंदीतून पाहिले की ती स्पॅनिश अमेरिकेला होणाऱ्या, तोवर कित्येक दशके जुन्या झालेल्या पुरवठ्यातील एक चोरी ठरते.

आता याच रचनेची दुसरी बाजू. ‘झोंग’ हे लिव्हरपूलच्या मालकांचे जहाज १७८१ च्या ऑगस्टमध्ये ४४२ माणसांना घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघाले. त्याच्या आकाराच्या मानाने ही संख्या अतिशय मोठी होती. जमैका ओळखण्यात चूक होऊन जहाज पुढे निघून गेले, आणि पाणी अपुरे असल्याचे कारण दाखवून खलाशांनी नोव्हेंबरच्या अखेरीपासून सुमारे १३० जिवंत माणसांना समुद्रात फेकले. डिसेंबरमध्ये २०८ जण जमैकात उतरले. मालकांनी दर माणशी ३० पौंडांप्रमाणे विम्याचा दावा केला, १७८३ मध्ये ज्युरीने तो मान्यही केला, आणि पुढे न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांच्यापुढे फेरसुनावणीची मागणी मंजूर झाली. एके काळी स्वतः गुलाम असलेले ओलौदा इक्विआनो यांनी ही बातमी गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प यांच्या कानावर घातली नसती, तर ती विम्याच्या एका सामान्य वादाच्या रूपातच विरून गेली असती. आता संग्रहाच्या रचनेत याचे काय होते ते पाहावे. चढवलेले इतके, उतरलेले इतके. दोहोंतील फरक म्हणजे मृत्यू. रोगाने मेलेले, उपासमारीने मेलेले, स्वतः उडी घेतलेले आणि हात बांधून फेकलेले, हे सारे एकाच वजाबाकीत एकत्र होतात. हा संग्रह करणाऱ्यांचा दोष नाही. संख्येने केलेल्या कोणत्याही वर्णनाची ती मर्यादा आहे. पण मृत्युदराचा आलेख पाहताना ती मनात असावी, एवढेच.

कोणत्या काळाची नोंद भरघोस आणि कोणत्या काळाची विरळ, यामागेही कारणे आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय तुलना करणे धोक्याचे आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १७८८ मध्ये डोल्बेन कायदा करून जहाजाच्या वजनाच्या प्रमाणात माणसांच्या संख्येवर मर्यादा घातली, डॉक्टर सक्तीचा केला आणि मृत्यूंची रोजनिशी ठेवायला लावली. मृत्यू शेकडा दोनच्या आत राहिल्यास कप्तानाला १०० आणि डॉक्टरला ५० पौंडांचे बक्षीसही ठरवले. त्यामुळे त्यानंतरच्या ब्रिटिश सफरींची माहिती अचानक तपशीलवार होते. उलट बेकायदा व्यापाराच्या काळात, विशेषतः १८३०च्या दशकानंतर, ब्रिटिश आरमाराच्या गस्तीला चुकवण्यासाठी जहाजे सोयीचे निशाण लावीत. स्पॅनिश किंवा ब्राझिली मालकाचे जहाज कधी पोर्तुगीज, तर कधी अमेरिकी निशाणाखाली फिरे. तेव्हा एकोणिसाव्या शतकापुरता निशाणाचा रकाना हा मालकाच्या राष्ट्रीयत्वाचा पुरावा मानता येत नाही. वीस-तीस वर्षांच्या टप्प्यांत राष्ट्रांचे ‘हिस्से’ काढून त्यांवर चर्चा करणाऱ्यांनी तरी हे पथ्य पाळावे.

काही वर्षांपूर्वी जोडलेला अमेरिकाअंतर्गत सफरींचा संग्रह हा या सेवेतील सर्वांत महत्त्वाचा विस्तार आहे, आणि त्याची दखल त्या मानाने फारच कमी घेतली गेली. अटलांटिक ओलांडून जमैका, बार्बाडोस किंवा क्युरासाओ येथे उतरवलेल्या माणसांचा प्रवास तेथे संपत नसे. त्यांतील अनेकांना पुन्हा लहान जहाजांत भरून कार्ताहेना, पोर्तोबेलो या स्पॅनिश वसाहतींतील किंवा उत्तर अमेरिकेच्या बंदरांकडे नेले जाई. स्पेनला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वतःची मोठी ठाणी नव्हती, म्हणून ती आपल्या वसाहतींना गुलाम पुरवण्याचा ‘आसिएंतो’ हा मक्ता परक्यांना देई. १७१३ मध्ये तो इंग्रजांच्या साउथ सी कंपनीकडे गेला. या दुसऱ्या टप्प्यातील अकरा हजारांहून अधिक सफरी जुळवल्यावर स्पॅनिश अमेरिकेत आलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या वीस लाखांच्या घरात जाते, त्यांपैकी साडेपाच लाखांहून अधिक इतर वसाहतींतून आलेली. एकच माणूस दोन्ही संग्रहांत मोजला गेलेला असू शकतो, हे मात्र बेरीज करताना विसरू नये.

आणि मग नावे. कप्तानांची आणि मालकांची नावे संग्रहात हजारोंनी आहेत. ती शोधता येतात, त्यांची कारकीर्द सफरीमागून सफर उलगडता येते. जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या माणसांची नावे मुख्य संग्रहात नाहीत, कारण मालाच्या यादीत नाव लिहीत नसत. आफ्रिकी नावांच्या स्वतंत्र विभागात मात्र ९१,४९१ व्यक्तींची नोंद आहे: नाव, वय, लिंग, उंची आणि जहाज. ही नावे मिळण्याचे कारण असे की १८०८ पासून ब्रिटिश आरमार पकडलेली जहाजे सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला नेऊ लागले. तेथे आणि नंतर हवाना येथे बसलेल्या न्यायालयांच्या कारकुनांनी सुटका केलेल्या प्रत्येकाची, दुभाष्याच्या मदतीने, नोंद केली. म्हणजे व्यापार जेथे अडवला गेला तेथेच नावे उरली. जेथे तो बिनबोभाट पार पडला तेथे संख्या उरल्या. सव्वा कोटींपुढे हे प्रमाण शेकडा एकही नाही. शिवाय सुटकेचा अर्थही जपून घ्यावा, कारण यांतील कित्येकांना दीर्घ मुदतीच्या ‘उमेदवारी’वर दुसऱ्यांकडे सोपवले गेले किंवा सैन्यात भरती केले गेले.

तरीही हा विभाग मला संपूर्ण संकेतस्थळावर सर्वांत सरस वाटतो. इंग्रज आणि स्पॅनिश कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले उच्चार आफ्रिकी भाषा जाणणाऱ्यांकडून ओळखून घेण्याचा उपक्रम या संग्रहाबरोबर चालवला गेला, आणि त्यातून बंदराच्या मागे, देशाच्या कोणत्या भागातून माणसे आणली जात याचा शोध घेणे शक्य झाले. बंदराचे नाव सफरीच्या नोंदीत मिळते. माणसाचे घर कोणत्या बाजूला होते याचा धागा मात्र त्याच्या नावातूनच लागतो. याच धर्तीवर न्यू ऑर्लिन्सला किनारी जहाजांतून नेलेल्या सुमारे ६३ हजार लोकांची नावे पुढे जोडली गेली आहेत. अमेरिकेने १८०७ च्या बंदी कायद्यातच किनारी वाहतुकीतील गुलामांच्या नावनिशीवार याद्या सक्तीच्या केल्या होत्या, त्याचा हा परिणाम.

दृश्य भागाविषयी थोडक्यात. शतके सेकंदांत धावणारे आणि प्रत्येक जहाज ठिपक्याच्या रूपात दाखवणारे सचित्र नकाशाचे दालन वर्गात मुलांना दाखवायला प्रभावी आहे, पण त्यावरून अभ्यास होत नाही. ‘ला ओरोर’ या १७८४ च्या फ्रेंच जहाजाच्या त्रिमिती प्रतिकृतीची चित्रफीत त्याहून पुष्कळ उपयुक्त आहे. सुमारे सहाशे माणसे ज्या पोटमाळ्यांवर झोपवली जात, त्यांची उंची, पुरुष आणि स्त्रिया यांना वेगळे ठेवणारी भिंत, आणि बंडाच्या भीतीने उभारलेला अडसर यांची कल्पना शब्दांपेक्षा त्यातून लवकर येते.

संकेतस्थळाचे नाव पाहून गुलामगिरीचा समग्र इतिहास येथे सापडेल अशी अपेक्षा कोणी ठेवली, तर निराशा होईल. अर्वाचीन काळाच्या आरंभीची गुलामगिरी अटलांटिकपुरती नव्हती. हिंदी महासागरात ती अटलांटिकच्या कितीतरी आधीपासून होती आणि तिच्या वाटा निराळ्या होत्या: इथिओपियात जन्मून, गुलाम म्हणून अनेकदा विकला जाऊन, अखेर निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याच्यासारख्याची समुद्रयात्रा कोणत्याही जहाजयादीत सापडणार नाही. डच कंपनीने केप ऑफ गुड होपला नेलेल्या गुलामांत मादागास्कर आणि मोझांबिकइतकेच बंगाल, मलबार, कोरोमंडल आणि इंडोनेशियातील बेटे येथील लोक होते. पोर्तुगीज चाच्यांनी पकडलेली एक हिंदुस्तानी मुलगी कोचीन आणि मनिलामार्गे मेक्सिकोला विकली गेली आणि पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन या नावाने १६८८ मध्ये वारली. पॅसिफिकचा तो मार्गही येथे नाही. उत्तर आफ्रिकेतील अल्जिअर्सचे कैदी, क्रिमियाच्या तार्तरांनी धरून नेलेले स्लाव शेतकरी, स्पॅनिशांनी खाणींत राबवलेले मूळ अमेरिकी लोक, यांचीही तीच गत. हिंदी महासागर आणि आशियातील व्यापाराच्या सफरी अशाच पद्धतीने जमवण्याचे काम ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेच्या पुढाकाराने चालू आहे. मात्र तेथील पुष्कळशी माणसे इतर मालाबरोबर पाच-दहाच्या संख्येने नेली जात, खास गुलामांची जहाजे कमी असत, त्यामुळे ‘सफर’ हे मोजमापाचे एकक तेथे कितपत पेलेल याविषयी मी साशंक आहे.

शिक्षकांनी आणि पत्रकारांनी थेट ‘एस्टिमेट्स’ विभागात जावे. मुख्य संग्रहातील बेरीज उद्धृत करू नये, कारण त्या बेरजेत न सापडलेल्या सफरी नाहीत. एखाद्या बंदराचा, कंपनीचा किंवा कप्तानाचा अभ्यास करणाऱ्याने मुख्य संग्रह उतरवून घ्यावा, गणिताने भरलेले रकाने प्रथम बाजूला काढावेत आणि उरलेल्यांपासून आरंभ करावा. इंग्रजीखेरीज पोर्तुगीजमध्येही संकेतस्थळ वाचता येते, आणि पोर्तुगीजभाषक जगाचा या व्यापारातील वाटा पाहता ती सोय योग्यच आहे. नव्या सफरी सापडतात, जुन्या दुरुस्त होतात, आणि त्यानुसार एकूण आकडेही अधूनमधून सरकतात. म्हणून येथून घेतलेल्या कोणत्याही संख्येशेजारी ती कोणत्या दिवशी पाहिली हे लिहून ठेवावे.